मिटलेला डोळा : कारखान्यातल्या ट्रेनिंग सॉफ्टवेअरमधली कुलपं

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. कारखान्यांमध्ये हल्ली पुष्कळसं ट्रेनिंग सॉफ्टवेअरवर होतं. लॉगिन करायचं, व्हिडिओ बघायचा, खाली दहा प्रश्न सोडवायचे, मग पुढचा धडा उघडतो. त्या सॉफ्टवेअरमध्ये कोणाला काय दिसावं आणि काय दिसू नये, हे कोणीतरी ठरवलेलं असतं. त्या ठरवण्याविषयी आज बोलायचं आहे. लोक पुस्तकाचं, नाटकाचं परीक्षण करतात, तसं आम्ही एका सेटिंगच्या पानाचं परीक्षण करणार आहोत. हसू नका. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात अशी पुष्कळ माणसं आहेत, ज्यांचं कामाबद्दलचं वाचन आता याच पडद्यावर होतं. त्यांनी काय वाचावं हे त्या एका पानावर ठरतं, आणि ते पान त्यांना कधीच दिसत नाही.

आणि हो, देहू-आळंदी या पट्ट्याच्या अगदी मध्ये आहेत, म्हणून ज्ञानाची दारं उघडण्याच्या विषयात आम्ही ज्ञानोबा-तुकोबांना ओढणार, असं कोणाला वाटत असेल तर तसं होणार नाही. त्यांना पुरेशा व्याख्यानांत ओढून झालंय.

ज्ञान कुलपात ठेवायची सवय काही सॉफ्टवेअरने आणलेली नाही. जुन्या वर्कशॉपमधला मिस्त्री आठवा. डायचं सेटिंग करताना तो पोऱ्याकडे पाठ करून उभा राहायचा. मापं वहीत, वही खिशात. पोऱ्याने पान्हे द्यायचे, चहा आणायचा आणि नजर चोरून शिकायचं. त्यात मिस्त्रीचा दुष्टपणा होताच असं नाही. त्याच्याकडे पेन्शन नव्हती, युनियन नव्हती, होतं ते एवढंच हातातलं. ते वाटलं की आपली गरज संपली, ही भीती खरी होती.

या सवयीला छेद देणारी एक गोष्ट याच पट्ट्यात झाली. १९६१ साली अ‍ॅप्रेंटिस कायदा आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली. १९६६ साली टेल्कोचा पुण्याचा प्रकल्प उभा राहू लागला, आणि इथून पहिली व्यावसायिक गाडी बाहेर पडली ती १९७७ साली. म्हणजे मधली दहा-अकरा वर्षं इथे घडत होती ती टूल, डाय, मशीन आणि माणसं. टूल रूममध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून घडलेल्या त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पुढे भोसरीत स्वतःची छोटी वर्कशॉपं टाकली. आज आपण ज्याला ‘ऑटो हब’ म्हणतो, त्याच्या मुळाशी ही गोष्ट आहे. अ‍ॅप्रेंटिस म्हणजे काय? ज्याला शिकवण्याची जबाबदारी कायद्याने मालकाच्या अंगावर टाकली आहे, असा माणूस. मिस्त्रीने पाठ फिरवली तरी कंपनीला पाठ फिरवता येत नव्हती.

आता चाकणला येऊ. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला, त्याच्या आगेमागे इतर मोठी नावं आली, आणि त्यांच्यामागे पहिल्या-दुसऱ्या फळीचे पुरवठादार आले. पण तोवर शिकणारा माणूस बदलला होता. एका लाईनवर आता पर्मनंट, ट्रेनी, अ‍ॅप्रेंटिस, कॉन्ट्रॅक्टचा, आणि २०१३ नंतर काही वर्षं ‘नीम’चा, असे सगळे शेजारी-शेजारी उभे. ‘नीम’ म्हणजे शिक्षणासाठी कारखान्यात पाठवलेला मुलगा; तंत्रशिक्षण परिषदेची ती योजना पुढे बंद झाली. बऱ्याच ठिकाणी शर्टाच्या किंवा ओळखपत्राच्या फितीच्या रंगावरून कोण कोणता ते कळतं. काम मात्र पुष्कळदा तेच असतं. हे चित्र डोक्यात ठेवा, कारण सॉफ्टवेअरने हेच रंग उचलले आहेत.

परीक्षणासाठी आम्ही मूडल निवडलं. एक तर ते खुलं आहे, कोणीही उतरवून बघू शकतं. दुसरं म्हणजे त्याची नक्कल किंवा भाऊबंद तुम्हाला बहुतेक सगळ्या ट्रेनिंग सॉफ्टवेअरमध्ये भेटतील. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात मार्टिन डुगियामस यांनी ते सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ ची. माणसं एकमेकांसोबत काहीतरी बनवताना शिकतात, हा त्यामागचा विचार. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याची दोन-शून्य आवृत्ती आली आणि तिच्यात धड्यांवर अटी घालायची सोय आली. आज त्या पानाचं नाव आहे ‘रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस’. अटी कोणत्या घालता येतात? तारखेची : अमुक दिवसाआधी उघडू नका. गुणांची : आधीच्या परीक्षेत इतके मिळाले तरच. आधीचा धडा पुरा केल्याची. गटाची. आणि प्रोफाइलची, म्हणजे तुमच्या खात्यात विभाग, पद, श्रेणी अशा ज्या नोंदी आहेत त्यांची.

इथे जरा थांबून बघा. गुणांची आणि धडा पुरा केल्याची अट माणूस *काय करतो* यावर आहे. शेवटच्या दोन तो *कोण आहे* यावर असू शकतात. पहिल्या प्रकारचं कुलूप अभ्यास करून उघडतं. दुसऱ्या प्रकारचं कुलूप कितीही अभ्यास केला तरी उघडत नाही. एचआरने तुमची नोंद बदलली तरच उघडतं. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच यादीत, एकाच आकाराच्या बटणांत दिसतात. हा आमचा पहिला आक्षेप.

पण त्या पानावरची सगळ्यात बोलकी खूण वेगळीच आहे. प्रत्येक अटीच्या डाव्या बाजूला एक छोटा डोळा असतो. डोळा उघडा असेल, तर ज्याची अट पुरी झालेली नाही त्याला तो धडा करड्या रंगात दिसतो आणि खाली लिहिलेलं असतं की हा धडा अमुक अमुक झाल्यावर उघडेल. डोळ्यावर क्लिक केलं की त्यावर तिरकी रेघ येते. मग त्या माणसाला काहीच दिसत नाही. नाव नाही, अट नाही, असा धडा आहे याचा पत्ताच नाही. साधारणपणे अट घालताना डोळा आधी उघडाच असतो. तो मिटण्यासाठी कोणालातरी माउस तिथे न्यावा लागतो.

कारखान्यात हा डोळा कधी मिटतो? बहुतेकदा ‘श्रेणी’ची अट घातली की. कारण सरळ आहे. डोळा उघडा ठेवला तर कॉन्ट्रॅक्टच्या मुलाला पडद्यावर दिसेल : ‘हा धडा फक्त कायम कर्मचाऱ्यांसाठी.’ हे वाक्य कोणालाही पडद्यावर लिहून द्यायला आवडत नाही. मग ते वाक्य लपवलं जातं. नियम तसाच राहतो. जी गोष्ट तोंडावर सांगायची लाज वाटते, ती सेटिंगमध्ये करता येते. मोठ्या कंपन्यांच्या महागड्या सिस्टिममध्ये हेच काम ‘असाइनमेंट प्रोफाइल’ वगैरे नावांनी होतं, आणि तिथे डोळाही नसतो. ज्याला जे नेमून दिलं तेवढंच त्याच्या पानावर येतं.

आता न्यायाने बोलू. काही कुलपं लागलीच पाहिजेत. ग्राहक कंपनीचं नव्या गाडीचं ड्रॉइंग गुप्ततेच्या कराराखाली असतं. ते ट्रेनिंगच्या नावाखाली सगळ्यांच्या फोनवर जाता कामा नये. परीक्षेचे प्रश्न आधी उघडे ठेवून चालत नाही. जुनी झालेली कार्यपद्धती कोणाच्या हाती पडून त्याने चुकीच्या टॉर्कने बोल्ट आवळू नये, म्हणून आयएटीएफ १६९४९ सारख्या वाहन उद्योगाच्या दर्जा-मानकात कागदपत्रांवर नियंत्रण ठेवायला सांगितलं आहे. ‘कंट्रोल्ड कॉपी’चा शिक्का ज्यांनी बघितलाय त्यांना हे माहीत आहे. धड्यांचा क्रम राखणंही ठीक. व्हर्नियर वाचता येत नसताना थेट मापन-प्रणालीच्या विश्लेषणात उडी मारून काही हाती लागत नाही. या कुलपांशी आमचं भांडण नाही.

भांडण सुरू होतं ते सुरक्षेचं कारण पुढे केलं जातं तेव्हा. ‘रोबोच्या सेलचं ट्रेनिंग सगळ्यांना उघडं केलं तर उद्या कोणीही जाऊन पेंडंट हातात घेईल.’ हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की ते पाठ झालंय. यात वाचायची परवानगी आणि चालवायची परवानगी या दोन गोष्टींची गल्लत आहे. आरटीओकडे बघा. वाहतुकीची चिन्हं, नियम, कोणत्या खुणेचा काय अर्थ, हे सगळं कोणालाही वाचता येतं. लर्निंग लायसन्स मिळतंच मुळी ते वाचून आल्यावर. नियंत्रण आहे ते लायसन्सवर. उद्या आरटीओने ठरवलं की ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याला ‘थांबा’च्या पाटीचा अर्थ सांगायचा नाही, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण ज्याच्या पायाखाली तो रस्ता रोज आहे, त्यालाच पाटीचा अर्थ न सांगण्याचं काम ट्रेनिंग सॉफ्टवेअर बिनबोभाट करतं.

एक प्रसंग कल्पून बघू. स्पॉट वेल्डिंगचा सेल. दोन रोबो, भोवती कुंपण, एक दार, दाराला इंटरलॉक. बाहेर एक लोडर, पत्र्याचे तुकडे फिक्श्चरवर ठेवणारा. त्याला नेमून दिलेले धडे म्हणा तीन : कंपनीची ओळख, ५-एस, हेल्मेट-बूट-हातमोजे. सेल मध्येच थांबतो, दिवा लाल होतो. सेन्सरला तुकडा बसलेला दिसत नाही. हे असं शिफ्टमध्ये बऱ्याचदा होतं. ‘फॉल्ट रिकव्हरी’ या नावाचा एक धडा सिस्टिममध्ये आहे. सेल का थांबतो, थांबलेला रोबो ‘बंद’ नसून ‘वाट बघत’ असतो, सेन्सर पुसला की तो त्याच क्षणी चालू होऊ शकतो, म्हणून आत हात घालायचा नाही, आधी काय बंद करायचं, हे सगळं त्यात आहे. हा धडा मेंटेनन्सच्या श्रेणीला नेमलेला. लोडरला तो करड्या रंगातही दिसत नाही. मेंटेनन्सचा माणूस यायला वेळ लागतो, तिकडे तासाचा आकडा चुकतोय आणि सुपरवायझर येऊन उभा राहिलाय. मग शेजारच्या बेचा जुना मुलगा सांगतो, ‘अरे, बाजूने हात घाल, तुकडा जरा दाब, होतंय चालू.’

कुलपाने काय साधलं? लोडर शिकायचा थांबला नाही. तो शिकलाच, फक्त चुकीच्या माणसाकडून, अर्धं आणि घाईत. त्या धड्यात ‘असं का करू नये’ जे लिहिलं होतं तेवढंच त्याच्यापासून दूर राहिलं. ‘असं करता येतं’ हे त्याला बाहेरून मिळालं. सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते, वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत बोटं आणि हात गमावलेल्या कामगारांविषयी. त्यांत पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा वरच्या जागी येतो, आणि जखमींमध्ये स्थलांतरित व कंत्राटी माणसांची संख्या मोठी असते. म्हणजे ज्यांच्या पडद्यावर सगळ्यात कमी धडे असण्याची शक्यता, तीच माणसं.

कायदा याबद्दल काय म्हणतो? १९४८ चा कारखाने कायदा. भोपाळनंतर, १९८७ साली, त्यात एक कलम घातलं गेलं : १११-अ. त्यानुसार कामगाराला आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी कारखानदाराकडून माहिती मिळवण्याचा हक्क आहे, आणि त्याबद्दलचं प्रशिक्षण मिळवण्याचाही. बरं, कामगार कोण? त्याच कायद्याची व्याख्या सांगते की थेट नेमलेला असो की कंत्राटदारासारख्या एजन्सीमार्फत आलेला असो, मोबदला घेऊन काम करणारा असो वा नसो, उत्पादन प्रक्रियेत असेल तर तो कामगारच. आता नव्या श्रमसंहितांनी या कायद्याची जागा घेतली आहे, पण सुरक्षिततेची माहिती मागण्याचा हक्क तिथेही आहे. तेव्हा सुरक्षेचा धडा ‘कॉन्ट्रॅक्ट’ या नोंदीसाठी डोळा मिटून ठेवणं, याला आम्ही नुसतं असंवेदनशील म्हणणार नाही. जो हक्क कागदावर आहे, तो एका टिचकीने गैरलागू करण्याचा हा प्रकार आहे.

आणि एक गंमत बघा. अ‍ॅप्रेंटिस कायद्याच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यायचे असतात. हे एकूण मनुष्यबळ मोजताना कंत्राटी माणसं धरायची असतात. म्हणजे किती जणांना शिकवायचं याचा आकडा काढताना कंत्राटी माणूस कंपनीचा. स्वतः शिकायला बसला की कंत्राटदाराचा.

हे असं का होतं, याचं उत्तर ‘मालक वाईट असतात’ एवढं सोपं नाही. कायदा सल्लागाराच्या खुर्चीत बसून विचार करू. आपल्याकडची कंत्राटी पद्धत १९७० च्या कायद्याच्या सावलीत वाढली. कंत्राट खरं की नुसता कागदी बुरखा, असा वाद कोर्टात गेला की काय बघतात? नेमणूक कोणाची, पगार कोण देतं, शिस्त कोणाची, आणि कामावर देखरेख, नियंत्रण कोणाचं. २००१ च्या स्टील अथॉरिटीच्या निकालानंतर आपोआप कायम होण्याची वाट बंद झाली, पण कंत्राट बनावट असल्याचं सिद्ध करायची वाट उघडीच राहिली. आता कंत्राटदाराच्या माणसाला कंपनीने स्वतःच्या सिस्टिमवर खातं दिलं, धडे नेमले, परीक्षा घेतली, गुण दिले, तर उद्या तोच स्क्रीनशॉट कोर्टात पुरावा म्हणून उभा राहील, ही सल्लागाराची धास्ती. म्हणून तो म्हणतो, खातंच देऊ नका, किंवा द्याल तर कमीत कमी दाखवा. त्याच्या जागी त्याचं तर्कशास्त्र चोख आहे. पण परिणाम काय, की माणूस कोणाचा या दाव्याच्या भीतीपोटी त्या माणसाला मशीन कसं थांबवायचं ते सांगितलं जात नाही. कायद्याच्या एका कलमाला घाबरून दुसरं कलम मोडायचं, आणि दोन्हींच्या मधोमध तो लोडर.

सॉफ्टवेअरच्या आधीही एक कुलूप असतंच, ते पटकन सांगून पुढे जातो. लॉगिनला कंपनीचा ई-मेल लागतो. कॉन्ट्रॅक्टच्या माणसाला तो नसतो. ओटीपी ज्या नंबरवर जातो तो नंबर गावाकडे गेल्यावर बदललेला असतो. फोन शॉपफ्लोअरवर चालत नाही. ट्रेनिंग रूममधला कॉम्प्युटर शिफ्ट सुटल्यावर बंद, आणि शिफ्ट सुटली की कंपनीची बस थांबत नाही. धडा पुष्कळदा इंग्रजीत. बीडचा, बुलढाण्याचा, गोरखपूरचा मुलगा तो वाचून काय करणार? यातलं एकही कुलूप ‘रिस्ट्रिक्ट अ‍ॅक्सेस’च्या पानावर नोंदलेलं नसतं.

आता ऑडिटकडे. ज्यांना धडा दिसतो त्यांचं तरी बरं चाललंय का? व्हिडिओ पुढे ढकलता येऊ नये, असं कुलूप लावलेलं असतं. वीस मिनिटांचा व्हिडिओ म्हणजे वीस मिनिटं गेलीच पाहिजेत. लाईन तर थांबवता येत नाही. मग काय होतं, हे इथे बसलेल्या कारखान्यातल्या लोकांना आम्ही सांगायला नको. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात एकजण ट्रेनिंग रूममध्ये बसतो, पासवर्डची यादी घेतो, आणि पंधरा जणांच्या नावाने व्हिडिओ चालू करून चहा प्यायला जातो. (हशा) हसलात, म्हणजे ओळखीचं आहे. आणि पडद्यावर ‘शंभर टक्के पूर्ण’. ज्या कुलपाचा हेतू माणसाने नीट शिकावं हा होता, त्यानेच खोटी नोंद तयार केली. आणि अपघात झालाच, तर ही नोंद त्या माणसाच्याच विरुद्ध वापरली जाऊ शकते : ‘बघा, याने ट्रेनिंग पूर्ण केलं होतं.’

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो आम्ही हलका मानत नाही. चाकणचा छोटा पुरवठादार म्हणतो, ‘साहेब, शिकवलं की पोरगं पळतं. पलीकडच्या फेजमध्ये हजार रुपये जास्त मिळाले की दुसऱ्या दिवशी तिकडे. मी खर्च करायचा आणि फळ दुसऱ्याने खायचं?’ खरं आहे. पण त्याच्या कुलपात काय आहे ते उघडून बघू. दोन थर सापडतात. वरचा थर त्याच्या कारखान्याचा : त्याचं फिक्श्चर, त्याच्या ग्राहकाचा भाग, त्याच्या लाईनचा क्रम. तो पलीकडे नेऊन काही उपयोग नाही. खालचा थर धंद्याचा : वेल्ड का फुटतो, डायमध्ये मोकळीक किती ठेवायची, मायक्रोमीटर कसा धरायचा, प्रेसची दोन-हाती कळ कशासाठी असते. आणि हा खालचा थर या देशात गुपित राहिलेलाच नाही.

१९८६ साली चेन्नईत जर्मनीच्या मदतीने एक संस्था सुरू झाली, आज तिचं नाव नॅशनल इन्स्ट्रक्शनल मीडिया इन्स्टिट्यूट, म्हणजे आयटीआयच्या मुलांची ‘निमी’. फिटर, टर्नर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, सगळ्या ट्रेडची थिअरी आणि प्रॅक्टिकलची पुस्तकं तिने केली. काही मराठीतही आहेत. २०१९ मध्ये केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने ‘भारत स्किल्स’ हे पोर्टल काढलं, अभ्यासक्रम, पाठ, व्हिडिओ, प्रश्नसंच एका जागी ठेवण्यासाठी. म्हणजे शासनाने मिस्त्रीची वही छापून टाकली. मग कारखाना त्याच वहीची पानं पुन्हा कुलपात घालतो ते कशासाठी? खालचा थर उघडा ठेवल्याने पोरगं पळत नाही. पळतं ते हजार रुपयांमुळे, आणि इथे पुढची पायरीच दिसत नसल्यामुळे.

‘निमी’च्या पुस्तकांनी सगळं जमलं असंही नाही, बरं का. पुस्तक उघडं असणं आणि ते वाचलं जाणं यात बरंच अंतर आहे. त्यातलं पुष्कळसं मराठी असं आहे की ते वाचून कळण्यापेक्षा मशीन बघून लवकर कळतं. ‘बेअरिंग’ला जो शब्द तिथे सापडतो तो भोसरीत कोणी तोंडातून काढला तर लोक वळून बघतील. पण ते वाईट भाषांतर कोणीही उघडून त्याला नावं ठेवू शकतं, दुरुस्ती सुचवू शकतं. लपवलेल्या धड्याला नावंही ठेवता येत नाहीत.

पायरीचा मुद्दा काढला, तर स्किल मॅट्रिक्सबद्दल बोललंच पाहिजे. प्रत्येक लाईनच्या फळ्यावर ती लावलेली असते : डावीकडे नावं, वर कामं, आणि मध्ये चार पाकळ्यांची वर्तुळं. एक पाकळी काळी म्हणजे शिकतोय. चारही काळ्या म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आम्हाला हा तक्ता आवडतो. तो भिंतीवर असतो, सगळ्यांना दिसतो, आपली पाकळी का भरली नाही म्हणून कोणीही सुपरवायझरला धरू शकतं. आता तोच तक्ता सॉफ्टवेअरमध्ये गेला आणि डोळा मिटला, की माणसाला फक्त स्वतःची ओळ दिसते, तीही जेवढ्या स्तंभांची त्याला ‘गरज’ आहे तेवढीच. भिंतीवर जो प्रश्न सहज निघायचा, तो पडद्यावर निघतच नाही. अमुक काम शिकवा असं म्हणायला ते काम शिकवलं जातं एवढं तरी माहीत हवं ना?

कारखान्यात एक खरंखुरं कुलूपही असतं, लाल रंगाचं. लॉकआऊट-टॅगआऊट. मेंटेनन्सचा माणूस मशीनमध्ये शिरण्याआधी मेन स्विचला आपलं कुलूप लावतो आणि त्यावर चिठ्ठी अडकवतो. चिठ्ठीवर त्याचं नाव, तारीख, कारण. ते कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. कोणी येऊन विचारलं, ‘मशीन का बंद आहे?’ तर उत्तर कुलपालाच लटकलेलं असतं. ट्रेनिंगच्या धड्याला लावलेल्या कुलपावर कोणाचं नाव नसतं. कोणी लावलं? बहुतेकदा दोन एचआर मॅनेजर आणि एक व्हेंडर होऊन गेलेले असतात, आणि आता ‘सिस्टिममध्ये तसंच आहे’ एवढंच उत्तर उरतं. आमची मागणी मोठी नाही. लाल कुलपाला जी चिठ्ठी लागते, ती याही कुलपाला लावा. धडा कोणी बंद केला, कधी, कशासाठी, आणि उघडायचा तर कोणाला भेटायचं. सुरक्षेच्या कुठल्याही धड्यावर पदाची किंवा श्रेणीची अट चालणार नाही, हे लेखी करा. ग्राहकाचं ड्रॉइंग सोडून बाकी सगळीकडे डोळा उघडा ठेवा. मुलाला करड्या अक्षरांत का होईना, नाव तरी वाचू द्या. आणि माणूस सोडून जाताना त्याचं खातं बंद करायच्या आधी त्याने काय काय शिकलं, त्याचा एक कागद त्याच्या हातात द्या. चार वर्षं वेल्डिंग लाईनवर काढलेला मुलगा पुढच्या गेटवर पुन्हा ‘फ्रेशर, हेल्पर’ म्हणून उभा राहतो, कारण त्याची नोंद मागच्या कंपनीच्या सर्व्हरवर राहिली.

हे सगळं बोलताना आम्हाला एका गोष्टीचं भान आहे. ८ डिसेंबर २०२३ ला तळवड्यात वाढदिवसाच्या केकवरच्या फुलबाज्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली. मेलेल्यांमध्ये बहुतेक बायका होत्या. तिथे प्रश्न लॉगिनचा नव्हता. या पट्ट्याचा एक मोठा भाग असा आहे जिथे आजचं हे व्याख्यान पोचतच नाही, आणि तिथलं काम फॅक्टरी इन्स्पेक्टरचं आहे, सॉफ्टवेअरच्या समीक्षकाचं नाही. पण जिथे सॉफ्टवेअर आहे, तिथे निदान बघता तरी येतं.

तर इथे जे कोणी ट्रेनिंग विभागात काम करतात त्यांच्यासाठी एक शेवटची, अगदी व्यवहारातली गोष्ट. मूडलमध्ये ‘स्विच रोल टू’ असं एक बटण असतं. ते दाबून ‘स्टुडंट’ झालात की शिकणाऱ्याला पान कसं दिसतं ते बघता येतं. बरेच जण एवढं बघून समाधानी होतात. ते पुरत नाही. त्याने तुमची भूमिका बदलते, प्रोफाइल बदलत नाही. तुमच्या खात्यात ‘मॅनेजर, कायम’ अशी नोंद आहे ती तशीच राहते, त्यामुळे श्रेणीवर लावलेली कुलपं तुम्हाला जाणवणारच नाहीत. त्यासाठी वेगळं चाचणीचं खातं काढावं लागतं : श्रेणी ‘कॉन्ट्रॅक्ट’, विभाग ‘प्रेस शॉप’, भाषा मराठी किंवा हिंदी, कंपनीचा ई-मेल नाही. दहा मिनिटांचं काम आहे. त्या खात्याने आत शिरा आणि किती धडे दिसतात ते मोजा. मग तुमच्या स्वतःच्या खात्याने मोजा.

प्रश्न असतील तर आता घेऊ.